'फ्राउन्ड अपॉन'चं स्पॅनिश करून द्या कुणीतरी

कमाटीबाग
मंडळी, अडले आहे. आमच्या सोसायटीत (बडोद्यात गोत्रीकडे, नाव सांगत नाही) एक स्पॅनिश कुटुंब भाड्याने राहायला येतंय. सेक्रेटरीकाकांनी भाडेकरूंसाठी इंग्रजीत एक पत्रक केलंय, आणि मी स्पॅनिशची बी-१ (मधल्या पातळीची) परीक्षा दिल्याचं कळल्यापासून ते मला सोडायला तयार नाहीत. 'बेटा, एक पान तर आहे.'

पान एकच, पण काकांचा एका क्रियापदावर भारी जीव. घरात बूट घालून येणं 'इज फ्राउन्ड अपॉन', म्हणजे लोकांना ते पसंत नाही. सोसायटीच्या गरब्यात चपला घालून उतरणं 'इज फ्राउन्ड अपॉन'. दारू 'इज फ्राउन्ड अपॉन'. शेवटी मांसाहाराबद्दल 'रेसिडेंट्स स्ट्राँगली डिसअप्रूव्ह'. भाषांतराच्या ॲपने सगळीकडे 'फ्रुन्थिर एल थेन्यो' दिलंय. म्हणजे बूट घातले की कुणीतरी कपाळाला आठ्या घालतं. हे वाचून ती माणसं हसतील असं मला वाटतंय. काय लिहू?

शब्दकोशी
यात धागा काढण्यासारखं काय आहे? डिसअप्रूव्ह म्हणजे 'देसाप्रोबार'. 'आप्रोबार' मान्य करणे, आधी 'देस' लावला की अमान्य. 'फ्राउन अपॉन' त्याचंच सौम्य रूप. कोशात आहे, व्याकरणात बसतं, विषय संपला.

सावली_ते_सेविया
ताई, शब्दकोशींचं ऐकलंत तर पत्रक न्यायालयाच्या निकालासारखं होईल. मी कामानिमित्त स्पेनमधल्या सेवियात राहिलोय. 'देसाप्रोबार' हे क्रियापद जिवंत आहे, पण वर्तमानपत्रात, अहवालात, समितीच्या ठरावात. जेवणाच्या टेबलावर मी ते ऐकल्याचं आठवत नाही.

तुम्हाला हवंय ते 'एस्ता माल बिस्तो'. शब्दशः 'वाईट पाहिलेलं आहे', म्हणजे लोकांच्या नजरेत ते बरं नाही. 'एस्ता माल बिस्तो एन्त्रार कोन थापातोस एन कासा', घरात बूट घालून शिरणं बरं समजत नाहीत. इंग्रजी वाक्यात भुवई कुणाची वाकडी झाली ते लपवलेलं असतं ना, इथेही ते तसंच लपून राहतं. म्हणून हे चपखल बसतं.

एवढं सांभाळा की क्रियापद 'एस्तार'चं हवं, 'सेर'चं नको (दोन्हींचा अर्थ 'असणे'; एकाचं रूप 'एस्ता', दुसऱ्याचं 'एस'). निदान स्पेनच्या लोकांसाठी तरी.

पेंद्या
+१. आणि ॲपने दिलेल्या 'फ्रुन्थिर'वर एक अवांतर. माझी आई शिवणकाम करते म्हणून हे लक्षात राहिलं. फ्रुन्थिर म्हणजे कापडाला चुण्या घालणं. परकराचा घेर कमरेशी गोळा करतात तेच. 'थेन्यो' म्हणजे दोन भुवयांमधली जागा. म्हणजे स्पॅनिश माणूस रागावला की कपाळाला चुण्या घालतो आणि आपण आठ्या घालतो. शब्द झकास आहे, पण तो चेहऱ्याचा आहे. प्रत्यक्ष कुणीतरी समोर उभं राहून कपाळ आवळतंय तेव्हाच वापरा. नियमाच्या पत्रकात घातलात तर वॉचमनकाका दारात आठ्या घालून उभे आहेत असं चित्र उभं राहील.

कमाटीबाग
वॉचमनकाका तसेच उभे असतात, तो मुद्दा वेगळा.

सावली_ते_सेविया, धन्यवाद. पण मग दारूलाही 'माल बिस्तो'च चालेल?

न्यायमंदिराजवळ
थांबा थांबा. ताई, कृपा करून हे वाक्य तसं जाऊ देऊ नका. मी वकिली करतो म्हणून सांगतो. गुजरातेत दारूबंदी हा कायदा आहे. मूळ १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा, १९६० ला राज्य वेगळं झालं तेव्हा तो आपल्याकडे तसाच आला आणि २०११ मध्ये त्याचं नाव बदलून गुजरात दारूबंदी कायदा झालं. परवान्याशिवाय बाळगणं आणि पिणं गुन्हा आहे. स्पेनमध्ये जेवणाबरोबर वाइन म्हणजे आपल्याकडचं ताक. त्या माणसाला तुम्ही 'लोकांना आवडत नाही' एवढंच सांगितलंत, तर तो म्हणेल, बरं, मग दार लावून घेतो. आणि मग पोलीस येतील.

इथे सरळ 'एस्ता प्रोइबिदो पोर लेय' लिहा. कायद्याने मना आहे. परदेशी नागरिकांना परवाना मिळू शकतो, तेही पुढच्या ओळीत लिहा. काकांना सांगा की कायद्याला भुवया नसतात.

शब्दकोशी
वकीलसाहेबांचा मुद्दा बरोबर. पण म्हणूनच मी म्हणतो की नेमका, वजनदार शब्द हवा. 'माल बिस्तो' हे फार मोघम आहे. देसाप्रोबार नको असेल तर 'रेप्रोबार' घ्या. लॅटिनमधून आलेला भारदस्त शब्द. माद्रिदची भाषा अकादमी १७१३ पासून शब्दांची राखण करतेय ती काय उगाच?

ग्वादालाहारा_रिटर्न
अहो काका, 'रेप्रोबार' मेक्सिकोत म्हणजे परीक्षेत नापास होणं! 'रेप्रोबे मातेमातिकास', गणितात गचकलो. तिथली शाळकरी पोरं हा शब्द रोज वापरतात. आणि तुमचं देसाप्रोबार पेरूमध्ये त्याच कामाला. स्पेनमध्ये मात्र नापास होण्याला 'सुस्पेन्देर' म्हणतात. आता सांगा, 'मांसाहार शिजवणाऱ्याला सोसायटी रेप्रोबार करते' असं लिहिलंत तर तो वर्षभर फ्लॅटमध्ये बसून फेरपरीक्षेची तयारी करेल. (दिवे घ्या.)

ताईंची मंडळी स्पेनची आहेत म्हणून ठीक. पण उद्या तेच पत्रक कोलंबियाच्या कुणाला दिलंत तर 'एस माल बिस्तो'ही ऐकू येईल, आणि उच्चारात 'थ'च्या जागी सगळीकडे 'स'. तिकडे ते चूक मानत नाहीत.

सुरसागरकाठ
रेप्रोबारवरून आठवलं. स्पेनच्या राजकारणात नापसंतीच्या दोन पायऱ्या आहेत, आणि त्यातली एक बडोद्याशी जोडलेली आहे. २८ ऑक्टोबर २०२४ ला सी-२९५ या लष्करी मालवाहू विमानांच्या कारखान्याचं इथे उद्घाटन झालं तेव्हा मोदींबरोबर स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेस आले होते ना? (एकूण ५६ विमानांपैकी १६ सेवियाहून तयार येणार आणि ४० इथे जुळणार असं ते गणित.) हे सांचेस पंतप्रधान झाले तेच मुळी एका नापसंतीच्या ठरावावर. १ जून २०१८ ला त्यांनी तेव्हाच्या राहॉय सरकारविरुद्ध 'मोथ्योन दे थेन्सुरा' जिंकला. तिथल्या लोकशाहीत असा ठराव पहिल्यांदाच मंजूर झाला. त्यांच्या घटनेत मेख अशी आहे की नुसतं 'हे सरकार नको' म्हणता येत नाही. पुढचा पंतप्रधान कोण, त्याचं नाव ठरावातच द्यावं लागतं. म्हणजे नाक मुरडायचं तर पर्याय हातात घेऊन मुरडा.

दुसरी पायरी 'रेप्रोबाथ्योन'. संसद एखाद्या मंत्र्यावर ताशेरे ओढते, ठराव होतो आणि मंत्रिमहोदय खुर्चीत तसेच बसून राहतात. २०१७ मध्ये त्यांच्या न्यायमंत्र्यांवर असा ठराव झाला होता. खुर्ची शाबूत राहिली.

तेव्हा शब्दकोशी, तुमचे शब्द संसदेत शोभतात. चपलांसाठी नको.

शब्दकोशी
चपलांसाठी संसद बोलवा असं मी म्हटलेलं नाही. पण मुद्दा पोचला. मग 'थेन्सुरार' सोसायटीच्या पातळीवर का नको?

सावली_ते_सेविया
कारण थेन्सुरार एकाच वेळी दोन कामं करतो. दोष देणं आणि मजकुरावर कात्री चालवणं. इंग्रजीत त्याला दोन वेगळे शब्द आहेत, स्पॅनिशमध्ये एकच. भाडेकरूला वाटेल तुम्ही त्याची पत्रं उघडून वाचताय.

जुना_बडोदेकर
धागा वाचून राहवलं नाही. आमच्या बडोद्याला कोशांचं वावडं नाही हो. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९३१ साली, 'सयाजी शासन शब्दकल्पतरु' निघाला. दरबारी कामकाजाचे शब्द आठ भाषांत शेजारीशेजारी मांडलेले. इंग्रजी, गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली. स्पॅनिश राहिलं, ते आता कमाटीबाग पूर्ण करतेय असं समजू.

आणि 'फ्राउन्ड अपॉन' म्हणजे काय ते महाराजांनी स्वतः अनुभवलंय. १२ डिसेंबर १९११, दिल्ली दरबार. पंचम जॉर्जपुढे एकदाच लवून महाराज पाठ फिरवून चालते झाले. नियम असा की पाठ न दाखवता मागे मागे सरकायचं. इंग्रजी वर्तमानपत्रांनी केवढा गहजब केला! त्याला तुमच्या स्पॅनिशमध्ये काय म्हणाल?

सावली_ते_सेविया
आजोबा, 'एल खेस्तो एस्तुबो मुइ माल बिस्तो' म्हणता येईल, पण ते फार सौम्य होतं. तेव्हा जे झालं त्याला एक झकास क्रियापद आहे, 'आफेआर'. 'फेओ' म्हणजे कुरूप. आफेआर म्हणजे एखाद्याचं वागणं कसं कुरूप आहे ते त्याच्या तोंडावर सांगणं. 'ले आफेआरोन सु कोन्दुक्ता', त्यांच्या वागण्यावर टीकेची झोड उठवली. स्पॅनिश वर्तमानपत्रं आजही पुढाऱ्यांसाठी हा शब्द सर्रास वापरतात.

आणि याच 'फेओ'तून ताईंच्या कामाची गोष्ट निघते. स्पेनमधल्या आया पोरांना काय म्हणतात माहितेय? 'एसो एस्ता फेओ.' बोट दाखवू नकोस, एस्ता फेओ. निरोप न घेता निघालास, 'केदा फेओ'. आता हे मराठीत करा. 'बरं दिसत नाही!' आमची आजी दिवसातून दहादा म्हणायची. शेजारच्या काकूंशी न बोलता पुढे गेलास, बरं दिसत नाही. इंग्रजीत याला 'फ्राउन्ड अपॉन' म्हणतील, पण त्यात आजीचा आवाज कुठे आहे? 'केदा फेओ'त तो जसाच्या तसा येतो.

सेवउसळ_प्रेमी
गुजरातीत 'सारुं ना लागे'. तेच. आणि 'ठपको' तर आपल्याच ठपक्याचा सख्खा भाऊ.

मराठीत या एका इंग्रजी क्रियापदाला किती वाटा फुटतात बघा ना. नाक मुरडणं, तोंड वाकडं करणं, नावं ठेवणं, बोल लावणं, ठपका, कानउघाडणी, ताशेरे. यातलं 'नावं ठेवणं' माझं लाडकं. बारशालाही नावंच ठेवतात आणि बारशाच्या जेवणालाही.

ग्वादालाहारा_रिटर्न
तोंड वाकडं करण्याला जुळी बहीण आहे की! 'तोर्थेर एल खेस्तो'. तोर्थेर म्हणजे पिळणं, खेस्तो म्हणजे चेहऱ्यावरचा भाव. नाक मुरडायला 'आर्रुगार ला नारिस', नाकाला सुरकुत्या पाडणं. आणि नुसतं तोंड पाडून बसायला 'पोनेर माला कारा'. पाहुण्यांना बघून सासूबाईंनी पोनेर माला कारा केलं. वाक्य तयार.

पेंद्या
सासूबाई आल्याच शेवटी. मराठी धागा आहे हे सिद्ध झालं.

कमाटीबाग
सासूबाईंवरूनच विचारते. समजा नापसंत करणारं माणूस ठरलेलं आहे. 'माय मदर-इन-लॉ फ्राउन्स अपॉन अस एंटरिंग विथ शूज.' इथे 'माल बिस्तो' चालणार नाही ना? कारण लपवायचं कुणालाच नाहीये.

सावली_ते_सेविया
बरोबर पकडलंत. माणूस समोर आला की वाक्याचा सगळा साचा बदलतो. आणि इथे मराठी माणसाला इंग्रजीवाल्यापेक्षा सोपं जातं.

इंग्रजीत 'आय डिसअप्रूव्ह' म्हणताना मी कर्ता होऊन काहीतरी करतो. मराठीत आपण तसं बोलतच नाही. मला पटत नाही, त्यांना रुचत नाही, सासूबाईंना खपत नाही. माणूस 'ला' लावून बाजूला उभा, आणि जे खटकतं ते वाक्याच्या मधोमध. स्पॅनिश नेमकं हेच करतं. 'मे पारेथे माल', मला वाईट वाटतं म्हणजे मला हे बरोबर वाटत नाही. 'नो ले गुस्ता', त्यांना आवडत नाही. म्हणून तुमचं वाक्य असं होईल: 'आ मि सुएग्रा नो ले गुस्ता के एन्त्रेमोस कोन थापातोस.'

आता 'एन्त्रेमोस' बघा. साधं 'आम्ही शिरतो' म्हणजे 'एन्त्रामोस'. पण 'आवडत नाही की…' अशी नापसंती आधी आली की पुढच्या 'एन्त्रार'सारख्या '-आर'वाल्या क्रियापदातला 'आ' जाऊन 'ए' येतो. आवडणं, खटकणं, पटणं, परवानगी देणं, मनाई करणं, सगळ्यांच्या मागे हे रूप लागतं. शिकताना सगळे इथेच धडपडतात. 'माल बिस्तो'च्या मागेही 'के' (आपलं 'की') घातलंत आणि कर्ता बदलला की हेच: 'एस्ता माल बिस्तो के लोस इन्बितादोस एन्त्रेन कोन थापातोस', पाहुण्यांनी बूट घालून आत यावं हे बरं समजत नाहीत. 'के' नको असेल तर क्रियापदाचं मूळ रूप ठेवा, मग काही बदलावं लागत नाही. पत्रकात तेच करा. चुकायला जागाच उरत नाही.

थोडं वरच्या पट्टीत न्यायचं असेल तर 'नो बेर कोन बुएनोस ओखोस', चांगल्या डोळ्यांनी न बघणं. सोसायटी, कंपनी, सासर, सगळ्यांना लावता येतं.

शब्दकोशी
'दिस्गुस्तार' कुणी सुचवलं नाही याचं नवल वाटतं. इंग्रजी 'डिसगस्ट' वाचून लोक तिथे पडतात. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ किळस नव्हे, नुसती नाराजी. 'मे दिस्गुस्ता' म्हणजे मला आवडत नाही. एवढं तरी माझ्या नावावर जमा करा.

सावली_ते_सेविया
जमा. हे खरंच कामाचं आहे.

कमाटीबाग
आता उरलं मांसाहाराचं वाक्य, आणि माझा खरा घोळ तिथेच आहे. 'रेसिडेंट्स स्ट्राँगली डिसअप्रूव्ह ऑफ कुकिंग नॉनव्हेज'. मी काकांना विचारलं, नक्की कोण डिसअप्रूव्ह करतं? म्हणाले, सगळे. म्हटलं, काका, आमच्या घरी रविवारी मासे होतात. म्हणाले, हो पण तुम्ही खिडक्या लावून करता. म्हटलं, मग नियम मांसाहाराचा आहे की वासाचा? तर म्हणाले, बेटा तू भाषांतर कर.

करारात असं काही लिहिलेलंच नाहीये. मालकाचीही हरकत नाही. मग 'लोस बेथिनोस देसाप्रुएबान' (शेजारी नापसंत करतात) असं लिहून अख्ख्या सोसायटीच्या नावावर एक मत चिकटवू का?

न्यायमंदिराजवळ
करारात नसेल तर पत्रकात घालून तो नियम होत नाही. लिहायचंच असेल तर विनंती म्हणून लिहा.

सेवउसळ_प्रेमी
काढूनच टाका की. भाषांतरकाराला एवढा अधिकार असावा.

सुरसागरकाठ
असहमत. मूळ पत्रक काकांचं आहे. ताईंनी वाक्य गुपचूप गाळलं तर ती भाषांतर करत नाहीये, संपादन करतेय. आणि पहिल्याच दिवशी जिन्यात कुणीतरी त्या कुटुंबाला बघून पोनेर माला कारा करणार आहेच. त्यांना आधी कळलेलं बरं. मात्र कोण, किती आणि कशासाठी, हे खरं कळू दे. इंग्रजीत काकांनी 'रेसिडेंट्स' म्हणून सगळ्यांना एका पोत्यात भरलंय. तिथे 'आल्गुनोस बेथिनोस' लिहा, काही शेजारी.

जुना_बडोदेकर
मी सुरसागरकाठशी सहमत. पण गाळायचं नसेल तर बदल काकांना दाखवून करायचा. आमच्या वेळी दफ्तरात हीच रीत होती. मसुदा साहेबांना दाखवल्याशिवाय जावक नाही.

पेंद्या
आजोबा, काकांना स्पॅनिश कुठे वाचता येतं?

जुना_बडोदेकर
मग तिने तेच मराठीत वाचून दाखवावं. काका गुजराती आहेत का?

कमाटीबाग
गुजराती आहेत, पण दांडिया बाजारात, मराठी वस्तीत वाढलेत. मराठी आपल्यापेक्षा बरं बोलतात.

दाखवलं त्यांना. दारूच्या ओळीवर लगेच मान डोलावली. कायदा म्हटल्यावर त्यांचाही कणा ताठ झाला. बुटांच्या ओळीला 'एवढं मऊ?' म्हणाले, मग मी 'बरं दिसत नाही' असं मराठीत सांगितल्यावर 'हां, हेच तर मला म्हणायचं होतं' म्हणाले. मांसाहारावर बराच वेळ अडले. 'काही शेजारी' म्हटलं तर ते काही कोण, असं भाडेकरू विचारेल, म्हणून त्यांना ते नको होतं. मी म्हटलं, विचारू दे, तुम्ही सांगा. शेवटी 'काही' राहिलं आणि 'स्ट्राँगली' गेलं.

मसुदा असा झालाय, तपासून द्या:

'से र्‍वेगा देखार लोस थापातोस एन ला एन्त्रादा; एन्त्रार कोन एयोस एस्ता माल बिस्तो.' (बूट दाराशी काढावेत ही विनंती, घालून आत येणं बरं समजत नाहीत.)

'एन ला गार्बा से बायला देस्काल्थो.' (गरबा अनवाणी खेळतात.) इथे नापसंती काढूनच टाकली, जे आहे ते सांगितलं.

'एल आल्कोओल एस्ता प्रोइबिदो पोर लेय एन गुजरात.' पुढे परवान्याची ओळ.

'आ आल्गुनोस बेथिनोस नो लेस गुस्ता एल ओलोर आ कार्ने. से र्‍वेगा थेर्रार लास बेन्तानास आल कोथिनार.' (काही शेजाऱ्यांना मांसाचा वास आवडत नाही, शिजवताना खिडक्या लावाव्यात ही विनंती.)

सावली_ते_सेविया
छान उतरलंय. दोनच गोष्टी. गरब्याला 'एल गार्बा' करा. परका शब्द आहे, पुल्लिंगी ठेवलेला बरा. आणि 'कार्ने' म्हटलं की स्पॅनिश माणसाला मासे त्यात आहेत हे कळणार नाही. 'कार्ने' म्हणजे नुसतं मांस, माशाला 'पेस्कादो'. 'आ कार्ने ओ पेस्कादो' लिहा.

कमाटीबाग
माशाचं मुद्दाम नाही लिहिलं. रविवारी मला खिडक्या उघड्या लागतात.

शब्दकोशी
हे मात्र मी देसाप्रुएबो.